इंकस्केपमध्ये स्नोफ्लेक काढताना पूर्ण चांदणी काढूच नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वसईत घरी आणि हॉलमध्ये नाताळला टांगायला ३ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) ६ इंची बर्फाच्या चांदण्या ४० नग पाहिजेत, कोरल (कोरलड्रॉ) नाहीये म्हणून इंकस्केप हे चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर वापरताय, एक दांडी (मध्यापासून निघणारा हात) काढून कॉपी-रोटेट केलीत तर मधे जुळत नाहीये, ओढून-ताणून जुळवली तर चांदणीऐवजी फूल दिसतंय, आणि कटिंगवाल्याने फाइल परत पाठवली की लाइनी डबल आहेत. तिन्ही अडचणी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ एकच आहे, तुम्ही पूर्ण चांदणी काढायला बसलाय. चांदणीचा बारावा भाग काढायचा, तो नीट काढायचा, बाकी अकरा भाग सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचे. मी १४ वर्षं रेडियम आणि लेसर कटिंगच्या कामात आहे, दर नोव्हेंबरला या चांदण्या करतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी फूल का दिसतंय ते सांगतो कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. तुमचा फोटो पाहिला, त्यात ८ दांड्या आहेत, ४५ अंशावर फिरवल्यात. बर्फाची चांदणी ८ ची नसते हो. पाणी गोठताना त्याचे कण षटकोनी जाळीत बसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे, त्यामुळे स्फटिकाला सहाच दिशा मिळतात. सहाच का हा प्रश्न केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता, ग्रहांचे नियम शोधणारा तोच केप्लर, त्याला पूर्ण उत्तर सापडलं नाही पण कण कसे रचले जातात तिथे काहीतरी आहे हे त्याने ओळखलं होतं. खऱ्या बर्फात दोन स्फटिक एकमेकांना चिकटून १२ दांड्यांचीही चांदणी होते, क्वचित तिकोनीही दिसते, पण ८ ची आणि ५ ची कधीच नाही. बघणाऱ्याला हे माहीत नसलं तरी डोळ्याला कळतं, ८ दांड्या दिसल्या की मन चक्र नाहीतर फूल म्हणतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि ती जवळजवळ सगळेच चुकतात, बाजूच्या फांद्यांचा कोन. तुमच्या फांद्या साधारण ४० अंशावर आहेत आणि थोड्या वाकवल्यात, म्हणून ते नेच्याचं पान किंवा मोरपीस वाटतं. बर्फात फांदी दांडीशी ६० अंशच करते, कारण जाळी तीच, दिशा त्याच सहा. म्हणजे काय होतं बघा, एका दांडीची फांदी ही शेजारच्या दांडीला समांतर असते. एवढं एक पथ्य पाळलंत तर बाकी डिझाइन कितीही साधं असू दे, लांबून बघणाराही स्नोफ्लेक म्हणेल. गोलाई आणि पाकळी टाळा, सरळ रेषा आणि ६० चा कोन, बस्स.

तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढत असाल तर हे हाताला आधीच माहीत आहे. सात ते चार म्हणतो ना आपण, मधल्या ओळीत ७, मग वर-खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका धरत ६, ५, ४. ते ३७ ठिपके म्हणजे षटकोनच होतो. पंधरा ते आठ धरली तर १६९ ठिपके आणि प्रत्येक बाजूला ८. शेजारचे तीन ठिपके जोडले की समभुज त्रिकोण, सगळे कोन ६० चे. बर्फाची जाळी आणि ही जाळी दिसायला एकच. माझी आई दिवाळीत जे काढायची त्यातल्या निम्म्या रांगोळ्या नुसत्या पांढऱ्या काढल्या असत्या तर स्नोफ्लेक म्हणून खपल्या असत्या, आणि मी अजूनही नवीन डिझाइन सुचेना की आधी वहीत ठिपकेच मांडतो. इंकस्केपमध्ये हे ठिपके आयते मिळतात, डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा (कंट्रोल शिफ्ट डी), ग्रिड्समध्ये ॲक्सोनोमेट्रिक ग्रिड घ्या, दोन्ही कोन ३० असू द्या, म्हणजे उभ्या रेषा आणि दोन्हीकडे ३० च्या तिरक्या रेषा अशी त्रिकोणी जाळी येते, स्नॅप चालू ठेवा, पेन आपोआप जाळीवर बसतो.

आता मोजमाप. इथे एक छोटं गणित सांगतो जे मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरेच एमडीएफ वाचले असते. फांदी दांडीवर जिथून फुटते त्या जागेचं मध्यापासूनचं अंतर जेवढं, तेवढीच त्या फांदीची जास्तीत जास्त लांबी. मध्यापासून २५ मिमीवर फांदी फुटली तर ती २५ मिमीपर्यंतच वाढवायची, बरोबर २५ केली तर शेजारच्या दांडीवरून येणाऱ्या तिच्या जोडीच्या फांदीला टोक टेकतं आणि मधे शंकरपाळी तयार होते, २५ च्या पुढे गेलात की फांद्या एकमेकींना कापून पुढे जातात आणि सगळा गुंता. दुसरा नियम असा की फांदीपासून दांडीचं टोक जेवढं लांब उरलंय तेवढीच फांदी केली तर सगळ्या फांद्यांची टोकं एका सरळ रेषेत येतात आणि चांदणीची बाहेरची कड स्वच्छ षटकोनी होते. त्याहून आखूड ठेवल्या तर चांदणी टोकदार होते. दोन्ही नियम एकत्र धरायचे, जो आकडा लहान येईल तो वरची मर्यादा.

तुमच्या ६ इंचासाठी मी हे आकडे वापरीन: दांडी मध्यापासून ७५ मिमी. पहिली फांदी २५ वर, लांबी २५, म्हणजे मुद्दाम शेजारणीला टेकवायची. दुसरी ४० वर, लांबी २५. तिसरी ५२ वर, लांबी १६. चौथी ६३ वर, लांबी ८. स्ट्रोकची, म्हणजे रेषेची, जाडी ३ मिमी. पहिली जोडी टेकवण्याचं कारण मजबुती, सहा शंकरपाळ्यांचा मिळून मधे एक ताराच तयार होतो आणि दांडी वाकत नाही, नाहीतर ७५ मिमी लांब आणि ३ मिमी रुंद एमडीएफची पट्टी पोरांच्या हातात टिकत नाही. टोकाकडच्या फांद्या आखूड ठेवल्या की नजर बाहेर पसरते, उलट केलं तर झाडू दिसतो, करून बघा.

मधोमध एक षटकोन टाकायचा, मध्यापासून कोपऱ्यापर्यंत १२ मिमी. तो नसला तर सहा दांड्या एका बिंदूत मिळतात आणि त्यांच्या बेचक्यात इतक्या निमुळत्या फटी होतात की लेसर तिथे जाळून काळं करतो. आणि षटकोन फिरवताना लक्ष द्या, दांडी कोपऱ्यातून निघाली पाहिजे, सपाट बाजूतून नाही. याला कारण आहे. ढगात आधी एक बारीक षटकोनी चकती तयार होते, तिचे कोपरे बाहेर डोकावतात म्हणून त्यांना हवेतली वाफ जास्त मिळते, ते भराभर वाढतात, आणखी बाहेर जातात, आणखी वाफ मिळते, अशा सहा कोपऱ्यांतून सहा दांड्या निघतात. सपाट बाजूतून दांडी काढलेली डिझाइनं बाजारात भरपूर दिसतात, मला ती बघवत नाहीत.

आता प्रत्यक्ष काढायला घ्या. पान २०० बाय २०० मिमी करा, युनिट मिमी, म्हणजे मध्य १०० आणि १०० वर येतो. ग्रिडमधलं अंतर तुमच्या आकड्यांशी जुळत नसेल तर ग्रिड बंद करून पेनने काढा, पेन टूलमध्ये कंट्रोल दाबून धरलं की रेषा १५ अंशांच्या पटीतच फिरते, ३० आणि ६० दोन्ही त्यात बसतात, आणि खालच्या पट्टीत कोन आणि लांबी दिसत राहते. दांडी मध्यापासून सरळ वर काढा. फांद्या फक्त उजव्या बाजूच्या काढा, डावीकडे हात लावू नका. दांडी उभी आहे म्हणजे फांदी आडव्या रेषेपासून ३० अंश वर जाणार, तोच दांडीशी ६०. फिल (आतला रंग) काढून टाका, नुसता स्ट्रोक ३ मिमी, कॅप राउंड आणि जॉइन राउंड, म्हणजे रेषेची टोकं आणि सांधे गोल. राउंड कॅपमुळे शंकरपाळीच्या टोकाला दोन फांद्या खऱ्या अर्थाने एकमेकींवर चढतात, सपाट (बट) कॅपने कधीकधी केसाएवढी फट राहते, स्क्रीनवर दिसत नाही आणि कापल्यावर तुटतं. मग सगळ्या रेषा सिलेक्ट करून कंट्रोल के, कंबाइन, म्हणजे एकच पाथ झाला.

हा झाला तुमचा बारावा भाग. आता पाथ मेनूतून पाथ इफेक्ट्सची खिडकी उघडा, मिरर सिमेट्री लावा, त्यात व्हर्टिकल पेज सेंटर निवडा, डावी बाजू आपोआप उगवेल. त्याच्याच खाली दुसरा इफेक्ट रोटेट कॉपीज, संख्या ६, कोन ६०, आणि त्याचा जो मध्यबिंदू आहे तो नोड टूल (रेषेवरचे बिंदू म्हणजे नोड हलवायचं साधन) घेऊन पानाच्या मध्यावर ओढून स्नॅप करा. तुमच्या दांड्या मधे जुळत नव्हत्या त्याचं कारण हेच, फिरवण्याचा मध्य दांडीच्या पोटात होता, मुळाशी नव्हता. इंकस्केप कुठलीही वस्तू तिच्या स्वतःच्या मध्याभोवती फिरवतो, तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कसं कळणार चांदणीचा मध्य कुठे आहे ते. इफेक्ट न वापरता हाताने फिरवायचं असेल तर वस्तूवर पुन्हा एक क्लिक करा, कोपऱ्यांचे बाण वाकडे होतात आणि मधे अधिकची खूण येते, ती खूण ओढून दांडीच्या मुळाशी ठेवा, मग फिरवा.

इफेक्टची मजा अशी की मूळ अर्धी दांडी जिवंत राहते. नोड टूलने एक टोक ओढलं की बाराही ठिकाणी हलतं, मी तर नवीन डिझाइन असंच शोधतो, आकडे ठरवून नाही, एक नोड इकडे-तिकडे हलवत बसतो आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघतो. हो, रेषेकडे नाही, रिकाम्या जागेकडे. टांगल्यावर मागे भिंत किंवा खिडकी असते आणि डोळा भोकांचे आकार आधी टिपतो, त्या भोकांमध्ये एक मोठं, एक मध्यम, एक बारीक असा उतार असला की चांदणी छान वाटते, सगळी भोकं एका मापाची झाली की जाळीची झाकणी दिसते. हे सांगून येत नाही, दहा-बारा केल्यावर हाताला येतं.

तुमच्याकडे जुनं व्हर्जन असेल आणि हे इफेक्ट सापडत नसतील तर टाइल्ड क्लोन्स (मूळ वस्तूला जोडलेल्या प्रती) वापरा. आधी पूर्ण दांडी करून घ्या (अर्धी कॉपी करून आडवी फ्लिप, मग ग्रुप), फिरवण्याची खूण मुळाशी ठेवा, मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. ओळी १, कॉलम ६. शिफ्टच्या टॅबमध्ये एक्सक्लूड टाइलवर टिक करा नाहीतर दांड्या आगगाडीसारख्या एकामागे एक लागतात, रोटेशनच्या टॅबमध्ये दर कॉलमला ६० अंश. क्रिएट दाबलं की चांदणी तयार. पण, आणि हा पण मोठा आहे, इथे तुमची मूळ दांडी जागेवरच राहते आणि तिच्या डोक्यावर पहिला क्लोनही बसतो, म्हणजे दिसतात ६ पण असतात ७. तुमच्या कटिंगवाल्याने सांगितलेल्या डबल लाइनी बहुतेक इथूनच आल्यात. क्लोन सगळे सिलेक्ट करून अनलिंक करा (शिफ्ट ऑल्ट डी) आणि जी दांडी दुहेरी आहे ती एक उडवा.

कोरलवाल्यांसाठी एका वाक्यात, कारण हे वाचणारे निम्मे कोरलचेच असतील: मध्य मुळाशी न्या, ऑल्ट एफ ८, ६० अंश, कॉपीज ५, सहा नाही, मूळ धरून सहा होतात. मग कंट्रोल शिफ्ट क्यू करून आउटलाइनचं ऑब्जेक्ट, आणि सगळं वेल्ड. इलस्ट्रेटरमध्ये रोटेट टूल घेऊन ऑल्ट दाबून मध्यावर क्लिक, ६०, कॉपी, मग कंट्रोल डी चार वेळा.

डबल लाइनीचं प्रकरण नीट समजून घ्या, पैसे इथेच जातात. लेसरला जाडी कळत नाही, त्याला फक्त रेषेचा मार्ग कळतो. तुम्ही ३ मिमी जाडीचा स्ट्रोक दिलात तरी मशीन त्याच्या मधोमध एकदाच कापत जाणार आणि चांदणीऐवजी सहा चिरा पडणार. म्हणून स्ट्रोकची कड काढून ती कड कापायला द्यायची असते. क्रम असा आणि हा बदलायचा नाही: आधी फाइलची एक कॉपी दुसऱ्या नावाने सेव्ह करा कारण यानंतर मागे जाता येत नाही, मग ऑब्जेक्ट टू पाथ (कंट्रोल शिफ्ट सी), त्याने इफेक्ट पक्के होतात, मग स्ट्रोक टू पाथ (कंट्रोल ऑल्ट सी), ग्रुप झाला असेल तर अनग्रुप, मग मधला षटकोन आणि हे सगळं एकत्र सिलेक्ट करून युनियन (कंट्रोल आणि अधिकचं बटण), म्हणजे सगळे आकार मिळून एकच आकार. षटकोनाला मात्र फिल द्या आणि स्ट्रोक काढा. युनियन झाल्यावर फिल काढून स्ट्रोक ०.१ मिमी ठेवा. दांडी मिररच्या रेषेवरच असल्यामुळे ती स्वतःवरच एकदा उमटलेली असते, घाबरू नका, युनियनमध्ये ती विरघळते, पण युनियन विसरलात तर दांडी दोनदा कापली जाते, कड काळी पडते आणि दुसऱ्या फेरीत पीस हलला तर वाकडीही.

मी हे एकदा भोगलंय. काम रात्री उशिरा आलं, ६० नग, फाइल वरवर बघून मशीनवर टाकली, सकाळी बघतो तर प्रत्येक कड दोनदा कापलेली, वेळ दुप्पट आणि कडा कोळशासारख्या, सगळे ६० पुन्हा कापून दिले. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, फाइल पाठवायच्या आधी व्ह्यूमध्ये डिस्प्ले मोड आउटलाइन करायचा. रंग-जाडी सगळं गायब होतं आणि नुसते मार्ग दिसतात, मशीनला जे दिसतं तेच. आतमध्ये कुठे एक रेषा दुसरीला ओलांडताना दिसली की समजायचं युनियन अपुरं आहे. तरी शंका असेल तर चांदणी उचलून बाजूला सरकवा, खाली अजून एक राहिली असेल तर दिसते.

साइजचं पण बघा. इंकस्केपच्या ०.९२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये इंचाला ९० पिक्सेल धरायचे, नंतर ९६ झाले, आणि कापणाऱ्याचं सॉफ्टवेअर काहीतरी तिसरंच, बरेचदा ७२ धरतं. त्यामुळे एसव्हीजी (इंकस्केपची नेहमीची) फाइल समोरच्याकडे उघडल्यावर १५० मिमीची चांदणी २०० मिमीची झालेली मी पाहिलीये. यावर साधा उपाय, चांदणीशेजारी १०० बाय १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि कापणाऱ्याला सांगा हा मोजून बघ, १०० आला तरच पुढे. कोरलवाल्याकडे पाठवताना मी पीडीएफ देतो, त्यात साइज टिकते. डीएक्सएफ (मशीनवाले मागतात तो फाइलचा एक प्रकार) मागितली तर द्या, पण तीसुद्धा मोजूनच, आणि गोलाईचे खूप बारीक तुकडे झालेत का तेही बघून घ्या. आणि एक, नोड कमी करायला म्हणून सिम्प्लिफायचं बटण दाबू नका, ते सरळ रेषांचे कोपरे गोल करून टाकतं, मग पुन्हा फूल.

मटेरियलप्रमाणे जाडी बदलते. एमडीएफला अडीच ते तीन मिमीखाली मी जात नाही. ॲक्रिलिकमध्ये आतले कोपरे धारदार ठेवले तर तिथूनच तडा जातो, म्हणून आतल्या बेचक्यात अर्ध्या मिमीची गोलाई द्या. कार्डपेपरला दीड मिमी चालते. खिडकीच्या काचेवर रेडियम लावायचं असेल तर कापणं सोपं पण नको असलेला भाग चिमट्याने उचलताना जीव जातो, तिथे फांद्या कमी आणि जाड घ्या, चारऐवजी दोनच फांद्या, बघणाऱ्याला काहीही फरक पडत नाही.

आता ४० नगांत वेगळेपण कसं आणायचं. ४० वेगळी डिझाइनं करू नका, गरज नाही. पाच डिझाइनं करा, प्रत्येकी ८ नग. पाचही एकाच अर्ध्या दांडीतून निघतात, एकात टोकाला छोटा षटकोन लावा, एकात पहिली फांदी न टेकवता १२ वर थांबवा आणि त्याऐवजी दुसरी टेकवा, म्हणजे ४० वर फुटणारी. इथे गंमत होते, टेकायला लांबी ४० लागते पण दांडीचं टोक उरलंय ३५ च, म्हणजे फांदी षटकोनाच्या कडेबाहेर ५ मिमी जाते, छान वाटतं असं कधीकधी, नको असेल तर तीच फांदी साडेसदतीसवर आणा, तिथे दोन्ही नियम एकच आकडा देतात आणि टोक बरोबर कडेच्या मध्यावर टेकतं. एकात फांद्यांऐवजी नुसत्या रुंद चकत्या करा. खऱ्या बर्फातही असे प्रकार तापमानाप्रमाणे होतात, शून्याखाली २ अंशांच्या आसपास चकत्या, उणे ५ च्या आसपास सुया, आणि उणे १५ च्या आसपास या फांद्यांच्या चांदण्या. जपानच्या होक्काइदोमध्ये उकिचिरो नाकाया नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि कुठल्या तापमानाला कुठला आकार येतो त्याचा तक्ताच तयार केला. सहाही दांड्या सारख्या का असतात तेही त्यातूनच कळतं, चांदणी खाली येताना सहाही टोकं एकाच हवेतून जातात, म्हणून सहांची वाढ जवळजवळ सारखी. जवळजवळच, अगदी तंतोतंत नाही, पण लटकवायच्या सजावटीला तंतोतंतच बरी दिसते.

नमुने बघायचे असतील तर इंटरनेटवरची तयार क्लिपार्ट बघू नका, तिथे ८ दांड्यांचा सुळसुळाट आहे. विल्सन बेंटलीचे फोटो बघा. अमेरिकेत व्हर्मॉंटमधल्या जेरिकोचा हा शेतकरी, १८८५ च्या जानेवारीत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने हिमस्फटिकाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात ५००० हून जास्त काढले. काळ्यावर पांढरे फोटो आहेत, म्हणजे रिकाम्या जागेचा अभ्यास आयता होतो. आणि सजावटीच्या अंगाने बघायचं तर जपानमधले कोगाचे सरदार दोई तोशित्सुरा, त्यांनी १८३२ मध्ये हिमस्फटिकांच्या ८६ आकृत्यांचं पुस्तक काढलं, तेही हाताने काढून, आणि पुढे ते आकार जपानी कापडावर आणि भांड्यांवर नक्षी म्हणून आले. आपण आज जे करतोय तेच, कापायला लेसर नव्हता एवढंच. त्यांच्या आकृत्या बेंटलीच्या फोटोंपेक्षा साध्या आहेत, जाड रेषा, मोठी भोकं, लेसरला जशाच्या तशा चालतील अशा, मी बेसिक शिकवताना मुलांना त्याच दाखवतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की एल-सिस्टिम (एक नियम पुन्हा पुन्हा लावून आकार काढणारी सोय) वापरून आपोआप होईल का. होतं, एक्स्टेन्शन्समध्ये रेंडरखाली आहे, कॉखचा स्नोफ्लेक त्यात काढता येतो, ॲक्सियम एफ--एफ--एफ, नियम एफ=एफ+एफ--एफ+एफ (एफ तिथे इंग्रजीच टाइप करायचा), दोन्ही कोन ६०. स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखने १९०४ मध्ये मांडलेला आकार, परिघ वाढतच जातो पण क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या १.६ पटीपुढे जात नाही, गणित म्हणून मला फार आवडतं. पण टांगायला नको. चौथ्या पायरीला ७६८ तुकडे होतात, तुमच्या मापाला एकेक तुकडा जेमतेम १.६ मिमी, लेसर प्रत्येक कोपऱ्यावर थांबतो, कड जळते, आणि लांबून बघितलं तर दातेरी बिस्कीट दिसतं. तिसऱ्या पायरीवर थांबून तो आकार चांदणीच्या मागे पार्श्वभूमी म्हणून निळ्या कार्डपेपरमध्ये कापलात तर मात्र सुंदर दिसेल.

शीटवर मांडताना दांडी उभी ठेवा, टोक वर. चांदणीची उंची १५३ मिमी होते पण रुंदी १३३ च, षटकोन असल्यामुळे. २ फूट बाय ३ फूटच्या बेडवर मधे थोडी जागा सोडून एका ओळीत ४ आणि अशा ५ ओळी सहज बसतात, २० झाल्या, म्हणजे दोन शीटमध्ये तुमच्या ४० पूर्ण. आडवी ठेवलीत तर हेच गणित बिघडतं आणि तिसरं शीट लागतं.

दोरा ओवायला वरच्या टोकाला बाहेरून ८ आणि आतून ३ मिमीची कडी जोडा, युनियनच्या आधी बाहेरचं वर्तुळ, आणि युनियन झाल्यावर आतलं वर्तुळ डिफरन्सने वजा करा. उलट क्रमाने केलं तर दांडीचं टोक भोकात डोकावत राहतं. कडी टोकालाच हवी, बेचक्यात लावली की चांदणी फिरून तिरकी लटकते. पहिला एकच पीस कापून घ्या, रंगवायच्या आधी, एमडीएफ कडांना रंग पितो म्हणून एक हात प्रायमर मारून मग पांढरा, दोऱ्याला बांधून खिडकीत टांगा आणि दहा फुटांवरून बघा. फांद्या भरल्यासारख्या वाटल्या तर तिसरी काढून टाका, बारीक वाटल्या तर स्ट्रोक साडेतीन करा, दोन्ही बदल मूळ फाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचे आहेत कारण तुम्ही ती वेगळी सेव्ह करून ठेवलीये. मग उरलेल्या ३९ ची फाइल द्या. कटिंगवाला पुन्हा काही म्हणाला तर आउटलाइन मोडमधला फोटो इथेच टाका, बघून सांगतो.